चारशे अठ्ठावन्नची वीस काडतुसे आणि बाकीची मालमत्ता

मी, योहाना हेस्टर ब्रेडेनकाम्प, कै. फ्लोरिस ब्रेडेनकाम्प यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार दूर्नलाख्ते फार्म, ऑलडेजच्या उत्तरेला, लिंपोपो प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला सांगितलेले नाही. लिहू नका असे मात्र तिघांनी सांगितले आहे. डॉक्टर जे बोलले ते पोटाबद्दल बोलले, डोके अजून जागेवर आहे. तराजूच्या पारड्यात बंदुकीच्या दारूचा एक कण जास्त पडला तर मी आजही काट्याकडे न बघता सांगू शकते. सन २००४ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते दीड पानाचे होते. त्यात खोटे काही नव्हते, पण खरे असेही काही नव्हते.

कलम १. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था लुई त्रिखार्टच्या वकील राम्बुडा बाई यांनी पाहावी. त्यांनी मला विचारले होते, "मृत्युपत्रात एवढी कहाणी कशाला घालता? मुलाच्या नावाने वेगळं पत्र लिहून ठेवा की." वेगळे पत्र माझा मुलगा वाचेल आणि चुलीत घालेल. मृत्युपत्राचे तसे नसते. ते सरकारी कचेरीत जमा होते, त्यावर क्रमांक पडतो आणि कोणीही अर्ज करून ते वाचू शकतो.

विषय एकच आहे. सन १९९४च्या ऑक्टोबरात रिसिमाती चाऊके हा आमचा माग काढणारा माणूस रानरेड्याच्या शिंगांनी मेला आणि ती त्याचीच चूक ठरली. ती त्याची चूक नव्हती. हे सांगायला मी यंदा फेब्रुवारीत कोर्टात गेले, तेव्हा कळले की इतकी जुनी फाइल ठेवत नाहीत. शिकारी संघाच्या मासिकाला पत्र पाठवले, त्यांनी छापले नाही. आमचे पाद्री म्हणाले, "गेलेल्या माणसाला शांत झोपू द्या, हेस्टर." कोणत्या गेलेल्या माणसाला, ते बोलले नाहीत. आता लिहायला हीच एक जागा उरली आहे.

कलम २. मला फ्लोरिसच्या शेजारी पुरावे. तिथे माझ्या नावाची जागा राखलेली आहे आणि दगडावर जन्माचे सालही कोरून तयार आहे. मी दुसरीकडे जाण्याचा विचार केला होता, पण तो मला शोभणार नाही. आम्ही दोघे एकाच कामाचे भागीदार होतो.

कलम ३. माझा एकुलता मुलगा टोबियास, हल्ली मुक्काम पर्थ, ऑस्ट्रेलिया, याला बँकेतील सर्व ठेवी, भिंतीवरचे घड्याळ आणि त्याच्या वडिलांची पुस्तके द्यावीत. पुस्तके तो नेणार नाही. मागच्या महिन्यात फोनवर त्याला ऑक्टोबरची हकिगत पहिल्यांदा सांगितली. तो म्हणाला, "आई, बाबा जाऊन आठ वर्षं झाली. आता हे उकरून कुणाचं भलं होणारे?"

मी म्हटले, "कुणाचंच नाही."

"मग?"

मी तिथल्या हवामानाबद्दल विचारले. त्याला वाईट वाटले असेल तर मला माफ करावे. तो चांगला मुलगा आहे, लांबून.

कलम ४. फ्लोरिसची धाकटी बहीण कॉर्नेलिया हिने १९८९ साली माझ्या आईची तांब्याची कॉफीची किटली "दोन दिवसांसाठी" नेली होती. ती आता तिच्याकडेच राहू द्यावी. मात्र दफनाच्या दिवशी ती किटली माझ्या घरात आणून त्यातून लोकांना कॉफी देऊ नये. तिला तसे करायची हौस आहे. दुसरी एक गोष्ट: बिल्टाँगचे, म्हणजे वाळवायचे, मांस कापायची माझी सुरी तिने मागितली तरी देऊ नये. कारण मी सांगणार नाही, तिला माहीत आहे.

कलम ५. बंदुका. तीन आहेत. ज्याला घ्यायच्या त्याने स्वतःच्या नावाचा परवाना आधी काढावा, तोवर त्या पोलीस ठाण्यात राहाव्यात.

पहिली माझ्या वडिलांची, नऊ दशांश तीन मिलिमीटरची जर्मन बनावटीची रायफल. या नळीतून जड गोळी सावकाश जाते आणि खोल रुतते. वडील म्हणत, "वेग पोरांना आवडतो, रानाला वजन कळतं." याच बंदुकीने त्यांनी चाळीस वर्षे घराला मांस पुरवले. ती टोबियासला नको आहे. कोणी गरीब शेतकरी कुडू हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी मागेल तर त्याला फुकट द्यावी.

दुसरी ३७५, म्हणजे त्या मापाच्या नळीची. एकच बंदूक घेऊन आफ्रिकेत उभे राहायचे असेल तर हीच घ्यावी. हरणालाही चालते, रेड्यालाही चालते, आणि खांदा मोडत नाही. फ्लोरिसकडे येणारे पाहुणे टेबलावर बसून आकड्यांवर भांडत. चारशे सोळा बरी की चारशे सत्तर? मी त्यांना जेवण वाढताना ऐकत असे. त्यांच्यापैकी निम्म्यांना नळीचे माप पाठ होते आणि गोळी कुठे मारायची ते माहीत नव्हते.

तिसरी ४५८. ही कोणालाही देऊ नये. पोलिसांकडून तिचे तुकडे करून घ्यावेत आणि केल्याची पावती राम्बुडा बाईंनी माझ्या कागदांत लावावी. बंदुकीत दोष नाही, हे मी स्पष्ट लिहिते. तिचे तुकडे व्हावेत ही माझी इच्छा आहे, एवढेच.

कलम ६. काडतुसे भरण्याचे सामान. स्वयंपाकघरामागच्या खोलीत आहे: दाबाचे हातयंत्र, साचे, तराजू, रिकाम्या पितळी पुंगळ्यांचे अकरा डबे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गोळी उडाली की पितळेची पुंगळी उरते. ती साफ करायची, साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, बुडाची, दारू पेटवणारी फुटलेली टोपी काढून नवी बसवायची, दारू ग्रेनमध्ये (एक ग्रेन म्हणजे सुमारे अर्धी गुंज) तोलून भरायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. बंदुकीला कोणता घास मानवतो ते भरणाऱ्याने शोधायचे असते. दारू कमी पडली तर जनावर जखमी होऊन निघून जाते. जास्त पडली तर काय होते ते पुढे येईल.

मी हे वयाच्या अकराव्या वर्षापासून करते. त्या काळी दुकानात काडतुसे मिळत नसत, आणि वडिलांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती. लग्नानंतर फ्लोरिसने धंदा म्हणून परदेशी शिकारी आणायला सुरुवात केली तेव्हा त्याची सगळी काडतुसे मीच भरली. बाहेर त्याने ते कधी सांगितले नाही. एकदा एका पाहुण्याने खोलीत डोकावून विचारले, "या काय करतायत?" फ्लोरिस म्हणाला, "तिला लोणच्याच्या बरण्या भरायची सवय आहे, इथेही तेच करते." सगळे हसले. मीही हसले.

त्या खोलीत माझ्या कामाची कदर असलेला एकच माणूस येत असे, तो म्हणजे रिसिमाती. गवतात उडालेली प्रत्येक पुंगळी तो शोधायचा, टोपीत गोळा करून आणायचा आणि माझ्या टेबलावर ओळीने उभी करायचा. तडा गेलेली वेगळी ठेवायचा. नखाने चाचपून त्याला तो तडा माझ्याआधी सापडायचा. बावीस वर्षे त्याने आमच्याकडे काम केले. त्या खोलीत आम्ही फार बोललो असे नाही. "ही गेली, बाई." "हो, गेली." एवढेच.

सामान भंगारात विकावे. घेणारे आता कोणी नाही, तरुण लोक तयार डबे विकत आणतात. तराजू मात्र ऑलडेजच्या शाळेला द्यावा. तो खरे वजन दाखवतो.

कलम ७. या कलमाने कोणाला काही मिळत नाही. तरीही ते मृत्युपत्राचा भाग समजावे.

सन १९९४च्या मे महिन्यात एका पाहुण्याने जेवताना फ्लोरिसला डिवचले. ४५८च्या पुंगळीत जागाच कमी, त्यात पुरेशी दारू मावत नाही, तुमची बंदूक म्हणजे म्हातारा बैल, असे काहीसे. पाहुणा गेला, पण ते फ्लोरिसच्या मनात घर करून राहिले. जूनमध्ये त्याने गोळीचा वेग मोजायचे यंत्र आणले आणि मला म्हणाला, "दारू दोन ग्रेन वाढव."

मी म्हटले, "आधीच दाबून भरलीय. आणि उन्हात या दारूचा दाब चढतो. आत्ता जूनच्या थंडीत चाललं म्हणजे ऑक्टोबरातही चालेल असं नाही."

"तू भर. बंदूक मी चालवणारे."

मी चाचणीसाठी तीन भरली. सकाळी धरणामागे यंत्र मांडले. गवतावर दहिवर होते. फ्लोरिसने तीन गोळ्या मारल्या. तिसऱ्या वेळी पुंगळी बाहेर काढणारा बोल्ट जड आला. त्याने तळव्याने ठोसा मारून तो उघडला आणि हसत यंत्रावरचा आकडा मोठ्याने वाचला. तसा वेग आमच्या भागात त्या बंदुकीतून कोणी काढला नव्हता.

रिसिमातीने पुंगळी उचलली. ती त्याने रोजच्यासारखी टोपीत टाकली नाही. चालत माझ्याकडे आला आणि उलटी करून माझ्या तळहातावर ठेवली. बुडाची टोपी इस्त्री केल्यासारखी सपाट झाली होती आणि शेजारी पितळ घासल्याची चकचकीत खूण होती. आत मावणार नाही इतका दाब झाला की अशी खूण उमटते. हे त्याला कळत होते, मला तर कळतच होते. तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

लांबून फ्लोरिसने हाक मारली, "काय गं, कसंय?"

मी म्हटले, "ठीक आहे."

वहीत मी तेच लिहिले. वहीच्या त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. अक्षर स्वच्छ आहे.

मी का म्हटले? फ्लोरिसच्या धाकाने, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते अर्धेच खरे आहे. तो आकडा माझा होता. लोणच्याच्या बरण्या भरणाऱ्या बाईने तो काढला होता आणि मला तो सोडवेना.

मग मी वीस काडतुसे भरली.

ऑक्टोबरात ते नदीकाठच्या भाड्याच्या रानात गेले. फ्लोरिस, रिसिमाती आणि परदेशातून आलेला एक दातांचा डॉक्टर. सावलीत त्रेचाळीस अंश होते. वीस काडतुसांचा डबा सकाळपासून गाडीच्या काचेखाली उन्हात पडून होता. दुपारी त्या डॉक्टरने ३७५ने रेड्याच्या पोटात गोळी घातली आणि रेडा काटेरी झुडपात शिरला. जखमी रेडा सोडून येता येत नाही. तिघे मागावर गेले, रिसिमाती पुढे. त्याच्या हातात बंदुकीला टेकू द्यायची काठी होती, दुसरे काही नाही.

रेडा तीस पावलांवरून आला. फ्लोरिसने गोळी मारली, ती लागली पण थोडी मागे. दुसरी मारायला त्याने बोल्ट ओढला आणि बोल्ट उघडेना. पुंगळी आत फुगून नळीला चिकटली होती. डॉक्टर झाडामागे गेला. फ्लोरिसने आधी तळव्याने आणि मग बुटाच्या टाचेने ठोसे मारले.

पुढचे मी पाहिलेले नाही, फ्लोरिसने सांगितले ते लिहिते. त्याच दिवशी संध्याकाळी तो रक्ताने भरलेल्या शर्टात स्वयंपाकघरात बसला होता. खोटे रचायला तेव्हा त्याला वेळ झाला नव्हता. तो म्हणाला, "तो हललाच नाही, हेस्टर. काठी आडवी धरून उभा राहिला. रेड्याकडे बघतच नव्हता तो. माझ्याकडे बघत होता. बंदूक कधी उघडते ते बघत होता."

रिसिमाती गाडीत दोन तासांनी गेला. फाटकापर्यंतही पोचला नाही.

मी टेबलावर बंदूक आडवी ठेवली आणि नळीत गज घालून हातोडीने पुंगळी बाहेर काढली. बुडाची टोपी निघून पडली होती. उरलेली एकोणीस काडतुसे फोडून प्रत्येकातली दारू पुन्हा तोलली. एकोणीसच्या एकोणीस बरोबर लिहिलेल्या वजनाची निघाली. चूक हाताची नव्हती. हाताची असती तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी फ्लोरिसने पोलिसांना सांगितले की रिसिमाती घाबरून पळाला, नेमका गोळीच्या रेषेत आला, म्हणून त्याला दुसरी गोळी मारता आली नाही. डॉक्टरने त्याच जबाबावर सही केली आणि विमानाने निघून गेला. पुंगळीबद्दल फ्लोरिस मला म्हणाला, "ती फेकून दे आणि तोंड बंद ठेव. तूच भरली होतीस, विसरू नकोस." कोर्टात मी दुसऱ्या बाकावर हॅट घालून बसले होते. मला कोणी काही विचारले नाही. समोर जे मांडले गेले त्यावरून मॅजिस्ट्रेटनी निकाल लिहिला: मृताची स्वतःची चूक.

खोटे एकदा बोलले की त्याला खाऊपिऊ घालावे लागते. चाऊके पळपुटा होता असे म्हटल्यावर त्याच्या कुटुंबाला ठेवून घेणे फ्लोरिसला जमेना. आमच्या नदीकाठच्या घरातून रिसिमातीची बायको मासिंगिता हिला महिन्याच्या आत निघावे लागले. मी मक्याच्या पिठाचे पोते आणि चार घोंगड्या पाठवल्या. पोते गेले, पण घोंगड्या कुंपणावर वाळत घातल्यासारख्या तशाच राहिल्या. पुढे पुढे शिकारी तळांवर कोणी कच खाल्ली की लोक म्हणत, "चाऊके झाला याचा." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले, माझ्याच टेबलावर, सूप वाढताना.

मी फ्लोरिससाठी आणखी नऊ वर्षे काडतुसे भरली. त्याला न सांगता दोन ग्रेन कमी भरत गेले. त्याच्या कधी लक्षातही आले नाही. उलट तो पाहुण्यांना सांगे, "माझ्या चारशे अठ्ठावन्नचा वेग बघा." म्हणजे जूनमध्येही मला तेच करता आले असते. वीसच्या वीस कमी भरून डब्यावर जास्तीचा आकडा लिहिला असता तर कोणाला कळणार होते? हे वाक्य लिहायला मला सतरा वर्षे लागली.

कलम ८. नदीकाठचे घर, त्यालगतची बावीस हेक्टर जमीन आणि विहीर मी श्रीमती मासिंगिता चाऊके, राहणार एलिमच्या पलीकडचे माव्हांबे गाव, यांना देते. त्यांनी ती कसावी, विकावी, पडीक ठेवावी, त्यांची मर्जी.

हे लिहिण्याआधी, एप्रिलमध्ये, मी स्वतः गाडी चालवत त्यांच्याकडे गेले होते. झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात त्या चटईवर बसून भुईमूग सोलत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. आतून खुर्ची मागवली. चहा आला, साखर जास्त घातलेला. मला साखर जास्त लागते हे त्यांना आठवत होते.

मी सगळे सांगितले. जून, सपाट झालेली टोपी, "ठीक", ऑक्टोबर. माझे बोलणे संपेपर्यंत त्या शेंगा सोलत राहिल्या.

मग म्हणाल्या, "हे सांगायला एवढ्या लांब आलात?"

"तुला कळायला हवं होतं."

"मला त्या जूनमध्येच कळलं होतं, बाई. त्याच दिवशी घरी येऊन तो म्हणाला, मालकाची बंदूक बिघडलीय, गोळीत दारू जास्त झालीय. मी म्हटलं, मग सांग ना मालकाला. तर म्हणाला, मी सांगून मालक ऐकणारेत होय? बाईंना दाखवलंय. बाई हुशार आहेत, त्या करतील कमी." त्यांनी मूठभर शेंगदाणे सुपात टाकले. "ऑक्टोबरात निघताना मी पुन्हा विचारलं. म्हणाला, चार महिने झाले, बाईंनी केलंच असेल."

त्यांनी पुढची शेंग फोडली.

"कोर्टात तुम्ही दुसऱ्या बाकावर होता. निळी हॅट. साहेब काय बोलतायत ते मला समजत नव्हतं, मी तुमच्याकडेच बघत होते. म्हटलं, आता उठतील. आता उठतील. मग सगळेच उठले आणि घरी गेले."

मी जमिनीबद्दल बोलले. त्या पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसणे चांगले नव्हते. "त्या घरात मी काय करू? रोज सकाळी दार उघडून ती वाट बघू, जिच्यावरून त्याला गाडीत घालून आणला? तुम्हाला हलकं होऊन मरायचंय, बाई. मरा. पण ते ओझं माझ्या अंगणात टाकून जाऊ नका."

निघताना त्यांनी मला पिशवीत भुईमूग दिले. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणून दिले. तो मायेचा भाग नव्हता, हे मला समजते.

तरीही मी हे कलम लिहिले. दुसरे काय करायचे ते मला सुचले नाही.

कलम ९. वर नाव घेऊन दिलेले सोडून जे काही उरेल, किंवा ज्याला दिले त्याला कोणत्याही कारणाने मिळू शकणार नाही, ते सर्व टोबियासकडे जावे.

कलम १०. हे कलम आज, सह्यांच्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे.

साक्षीदार म्हणून एबेन ग्रोबलर आणि दर गुरुवारी येणाऱ्या नर्स मुलाउद्झी यांना बोलावले होते. एबेन ऑलडेजला जनावरांच्या खाद्याचे दुकान चालवतो, पण आधी तीस वर्षे कोर्टात कारकून होता, म्हणून त्याला यातले कळते. राम्बुडा बाईंनी श्रीमती चाऊके यांना पत्राने कलम आठची कल्पना दिली होती. त्या आज दोन टॅक्सी बदलून न सांगता आल्या आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा."

एबेनने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. कलम सातला तो थांबला. फ्लोरिसच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता. पाणी पिऊन त्याने पुढे वाचले. श्रीमती चाऊके मांडीवर पिशवी धरून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी त्याला थांबवले, "काठी आडवी धरून, हे पुन्हा वाचा." त्याने पुन्हा वाचले.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता सही कोण करणार?"

"मावशी करतील," एबेन म्हणाला, "मग मी आणि नर्स, साक्षीदार म्हणून."

"साक्षीदार म्हणजे काय?"

"म्हणजे… आम्ही इथे होतो, आमच्या डोळ्यांसमोर झालं, असं सांगणारे."

"मग मी करते. मीही इथेच आहे."

एबेन गडबडला. "तुम्हाला नाही करता येणार, बाई. म्हणजे येतं, पण करू नका. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर कायद्याने त्याचा वाटा जातो. घर जाईल, जमीन जाईल, काहीसुद्धा मिळणार नाही तुम्हाला."

"काहीसुद्धा?"

"काहीसुद्धा. हां, पण त्याला एक वाट आहे. आम्ही दोघांनीही सही केली आणि तुमची तिसरी झाली, तर वाटा शाबूत राहतो."

श्रीमती चाऊके नर्सकडे वळल्या. "बाळ, तू पेन ठेव."

नर्सने माझ्याकडे पाहिले आणि पेन ठेवले.

"नंतर कोर्टात अर्ज करूनसुद्धा वाटा सोडवता येतो," एबेन चिकाटीने म्हणाला. "मी स्वतः लिहून देईन तुम्हाला अर्ज."

"कोर्ट मी एकदा पाहिलंय."

मग मी बोलले. मी म्हटले, "मासिंगिता, घर नको असेल तर विकून टाक. नातवंडांना होईल. माझ्यासाठी नको घेऊस."

त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठीच तर नको आहे."

मी आणखी काही म्हणणार होते. त्यांनी हाताने थांबवले. "बाई, तेव्हा तुम्हाला बोलता येत होतं आणि मला नव्हतं. आता तुम्ही लिहिलंत, चांगलं केलंत. पण घर घेतलं तर लोक म्हणतील, चाऊकेच्या बायकोने घर घेऊन मिटवलं. मी मिटवलेलं नाही. कुठे करायची सही?"

एबेनने मला हळूच विचारले, नवीन कागद करू का, ती जमीन गावाच्या शाळेला वगैरे लिहायची का? पुन्हा सगळे लिहायला माझ्या हातात बळ नाही आणि पुढच्या गुरुवारी मी बसू शकेन याची खात्री नाही. शिवाय ज्यांचे देणे होते त्यांनी ते नाकारले आहे. शाळेला देऊन मला पुण्य लागेल, एवढेच. ते मला नको. कलम नऊप्रमाणे घर टोबियासकडे जाईल आणि तो ते पहिल्या विचारणाऱ्याला विकेल. विचारणारे शेजारचे शिकारी लॉजवाले आहेत. तिथे ते पाहुण्यांसाठी दारूचा गुत्ता काढणार आहेत, असे एबेन म्हणतो.

हे सर्व कोणाच्याही दबावाविना लिहिले आहे. श्रीमती चाऊके यांनी कायदा दोनदा समजावून घेतला आहे आणि त्या पूर्ण शुद्धीवर, समजून-उमजून सही करत आहेत, हे मी लिहून ठेवते. पुढे कोणी त्यांना भोळी म्हणू नये.

प्रत्येक पानावर मी सही केली आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी माझ्यासमोर हजर होते आणि आम्ही तिघांनी एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

ठिकाण: दूर्नलाख्ते फार्म, ऑलडेज
दिनांक: गुरुवार, १८ ऑगस्ट २०११

(सही) योहाना हेस्टर ब्रेडेनकाम्प
मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिला:
(सही) एबेन ग्रोबलर, दुकानदार, ऑलडेज

साक्षीदार दुसरा:
(सही) मासिंगिता चाऊके, माव्हांबे
सहीखाली साक्षीदाराच्या स्वतःच्या अक्षरात: वरचे सगळे मला वाचून दाखवले. ते मला आधीपासून माहीत होते.